दुधाच्या खोक्यांवरच्या तारखा

सळईचं टोक तासून चमच्यासारखं थोडं खोलगट केलेलं असतं. सळई छातीइतकी उंच, वर आडवा दांडा. हातोडीने जमिनीत ठोकायची, एकदा फिरवायची, वर ओढायची आणि टोकात अडकलेली चिमूटभर माती नाकाशी धरायची. नुसत्या मातीला ओल्या विटेचा वास येतो. खाली पुरलेला माणूस असेल तर गोडसर, घशाला चिकटणारा वास येतो, आणि तो एकदा घेतला की पुढे जेवतानाही मध्येच येत राहतो.

कचराडेपोवर मात्र सळईचा काही उपयोग नव्हता. आई सकाळपासून ठोकत होती आणि प्रत्येक वेळी टोकाला तोच काळा चिखल येत होता. सडकी पपई, डायपर, कोळंबीची टरफलं.

"इथे सगळंच मेलेलं आहे," चायोबाई म्हणाली.

"तुझं तोंड मेलं," आई म्हणाली आणि पुन्हा हातोडी उचलली.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरअखेर, माझा धाकटा भाऊ फेर्मीन टायरच्या दुकानातून उचलला गेला. बंदुकवाल्यांनी त्याच्यासोबत चायोबाईच्या मुलाला, एलेउतेरिओलाही गाडीत कोंबलं. सिनालोआ प्रांतातल्या आमच्या गावाला यात नवं काही नव्हतं. नवं घडलं ते गेल्या मंगळवारी. इतके दिवस बंद असलेला फेर्मीनचा फोन थोडा वेळ सुरू झाला आणि त्याचं खातं मी उघडं ठेवलेल्या माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशात एक निळा ठिपका उगवला. कचराडेपोवर. नेमकी जागा हवी असेल तर सांकेतिक अंक टाका, असं यंत्र म्हणालं, आणि ते अंक त्याने फेर्मीनच्याच फोनवर पाठवले.

"अगं भवाने, फोनच हरवलाय ना!" आई पडद्यावर ओरडली. यंत्राने तेच वाक्य नम्रपणे पुन्हा दाखवलं. तेव्हा आईने लॅपटॉप उचलून भिंतीवर आपटला आणि तुकड्यांवर टाचेने नाचली. तिच्या टाचेतली काच मी चिमट्याने काढली.

त्या वेळी मी परत एकदा रक्ताचा विषय काढला होता. सरकारी प्रयोगशाळेत बेवारस हाडं पडून असतात. ती कुणाची हे ठरवायला आईबापाचं रक्त लागतं. बाबा आधीच गेलेले. माझं रक्त मी दिलं होतं, पण बहिणीच्या रक्तावरून अंदाज बांधता येतो, खात्री आईच्या रक्ताने होते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते; रक्ताचं हे गणित मी आईला कागदावर गोल काढून समजावलं होतं. तिने कागद फाडला.

"ते मेलेल्यांसाठी घेतात रक्त. मी दिलं म्हणजे मीच मारला त्याला. आधी मला पुरा, मग काय ते घ्या."

चायोबाईने मात्र पहिल्याच महिन्यात दिलं होतं. दोघींनी एकमेकींच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेलं, म्हणून त्या एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, सख्ख्या बहिणींहून जवळच्या. या एका गोष्टीवर त्यांचं बोलणं तुटायचं.

सळई चालत नाही म्हटल्यावर मी दुधाचे खोके गोळा करायला लागले. खोका कुजत नाही आणि त्याच्यावर शेवटची तारीख छापलेली असते. कचरा थरांनी साचतो. वरचे खोके या वर्षीचे, बुलडोझरने कापलेल्या कडेला खाली खाली जुने. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर कुठे आहे ते दुपारपर्यंत कळलं. पलीकडच्या कोपऱ्यात, आणि बुलडोझर नेमका तिथेच माती लोटत होता.

आई जाऊन पात्यासमोर उभी राहिली. पातं तिच्या गुडघ्यांशी येऊन थांबलं. चालवणारा रुतिलिओ खाली उतरला.

"म्हातारे, मरायचंय का? ढकलून देईन आत, कुणी विचारायला येणार नाही!"

"देतोस ना? दे. बाकीच्यांना दिलंस तसं दे."

त्याने तिचा दंड धरून तिला खाली आपटलं. ती पडली, कुशीवर वळली आणि उठताना तिने दोन्ही हातांनी सळई फिरवली. दांडा त्याच्या कानावर बसला. कान अर्धा लोंबायला लागला. चायोबाईने फावड्याची कड त्याच्या गुडघ्यावर घातली आणि तो कचऱ्यात कोसळला. आईने सळईचं टोक त्याच्या गळ्याच्या खळग्यात टेकवलं.

"फोन कुणी चालू केला?"

"मी! मी केला! पात्यात अडकून आला, इथूनच. गाडीत चार्ज केला. पासवर्ड मागायला लागला, दिला फेकून. बाई, गळा..."

"आणि बरोबर काय आलं?"

"मी बघत नाही! मालक म्हणतो, रात्री येतं त्याच्यावर सकाळी माती लोट. बघितलं तर मीही त्याच्यातच जाईन. मला पोरं आहेत."

"मलाही होता," आई म्हणाली आणि तिने टोक जरा दाबलं. रक्ताचा थेंब आला. मी तिचं मनगट धरलं. तिचे हात कापत नव्हते, याचीच मला भीती वाटली. रुतिलिओ कान धरून लंगडत पळाला.

मग आम्ही खणलं. आधी नोव्हेंबरचे खोके, मग राख, मग जळालेल्या टायरांच्या तारा. तारांच्या गुंत्यात हाडं होती. काही खडूसारखी पांढरी. तितकी जळल्यावर हाडात तपासायला काही उरत नाही. पण काही तपकिरी होती, मांडीचं एक जवळजवळ अख्खं. त्याच्याखाली पट्ट्याचं बक्कल. वितळून कड वाकलेली, पण घोड्याचं डोकं स्पष्ट.

"एलेउतेरिओ!" चायोबाईने झडप घातली.

"हात लावू नकोस! फेर्मीनचं आहे ते!"

दोघींचंही खरं होतं. अठराव्या वर्षी चायोबाईने आपल्या मुलाला आणि फेर्मीनला एकाच दुकानातून एकसारखं बक्कल घेऊन दिलं होतं, भाऊ शोभावेत म्हणून.

"आजपर्यंत म्हणत होतीस ना, जिवंत आहे म्हणून? मग सोड! हा माझा आहे!"

आईने तिचे केस धरले. चायोबाईने आईच्या तोंडावर बुक्की मारली. दोघी राखेत लोळल्या, बक्कल मुठीत, नखं एकमेकींच्या गालांत. आई चावली. मी मध्ये पडले तर कुणाचं तरी कोपर माझ्या नाकावर बसलं. शेवटी दोघींना दमच उरला नाही म्हणून त्या सुटल्या.

चायोबाईच्या मनगटातून रक्त वाहत होतं. ती धापा टाकत म्हणाली, "ऐक, कोमाद्रे. हा माझा असेल तर मला कळेल. मी घरी नेईन, पुरेन. आणि तुझा असेल..."

"तर काय?"

"तर या तुझ्या पोरीच्या, नेरेइदाच्या रक्तावर नुसतं 'असेल' म्हणतील. 'असेल'ला कुणी घरी पाठवत नाही. चिठ्ठी लावून कप्प्यात ठेवतील. टायरांतून निघून कप्प्यात. तिथे त्याला बंदुकवाल्यांनी ठेवलेलं नसेल, कोमाद्रे."

आईने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती पुन्हा सळई उचलणार. तिने फक्त मांडीच्या हाडावरची राख तळव्याने पुसली, एकदा, दोनदा, झोपलेल्या मुलाच्या पायावरून हात फिरवावा तशी. मग तोंडातलं रक्त बाजूला थुंकली.

"नेरे," ती म्हणाली, "प्रयोगशाळेत ने मला. मी रक्त देते."