एर्मेलिंदाबाईंचं नाक

एर्मेलिंदाबाई नव्वदीला टेकल्या, तरी त्यांना धास्ती एकाच गोष्टीची. थिएटरात बसवायच्या संगमरवरी पुतळ्यात आपल्याला सुंदर करून ठेवतील!

"झुल्मा, ते नाक छाटतील गं," सकाळपासून हेच. तुंब्यातला माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, नळीनं ओढायचा आणि पुन्हा सुरू. "या नाकापायी मला कुणी नायिका केलं नाही. याच नाकावर मी अख्खं मोंतेविदेओ शहर हसवलं. ते गेलं, तर तिथं दुसरीच कुणी बया बसेल."

माझा जन्म गेला पडद्यामागे त्यांच्या पाठीची बटणं लावण्यात. मी म्हटलं, "कोण छाटतंय, बाई! उगाच काहीतरी." पण आतून माझीही धाकधूक. नगरपालिकेचे बेंतांकोर साहेब गावभर सांगत फिरत होते, "मी शिल्पकाराला बजावलंय, चेहरा कसा देखणा हवा!" मेल्याला विचारलं होतं कुणी? आणि ती शिल्पकार पोरगी, मिल्का, कामाच्या खोलीत चिटपाखरू फिरकू देत नव्हती.

संध्याकाळी अनावरणाला बाईंचा हात धरून थिएटरात शिरले, तर काय! पुतळ्यावर पिवळाधमक कपडा! फुटबॉलवेड्या साहेबांनी आपल्या क्लबचा रंग उचलला होता. अहो, आम्हा नाटकवाल्यांत पिवळा म्हणजे साक्षात पनवती. कुणाच्या खिशात पिवळा रुमाल निघाला म्हणून पडदा अडवून धरलेला मी पाहिलाय. सगळी नटमंडळी भिंतीला चिकटून उभी, चेहरे सुतकी.

"कपडा कुठल्या रंगाचा गं?" बाईंनी विचारलं. त्यांना आता उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही.

"निळा," मी ठोकून दिलं.

साहेबांचं भाषण एकदाचं संपलं. त्यांनी ऐटीत मागून कपड्याचं टोक ओढलं. हनुवटी दिसली, ओठ दिसले आणि कपडा तिथंच अडकला. पुन्हा ओढला. छे! साहेब घामाघूम.

"झालं! भोवलं!" एक म्हातारा नट पुटपुटला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा हसला, आणि बघता बघता सगळं दालन खो खो हसत सुटलं.

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. "काय झालं? पडला का पुतळा?"

"नाही बाई, कपडा अडकलाय."

"कशाला?"

मी नीट बघितलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. हसूही आवरेना.

"नाकाला, बाई! तुमच्या नाकाला!"

साहेब आता दोन्ही हातांनी हिसका द्यायच्या बेतात होते.

"खबरदार!" बाई कडाडल्या. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तोच आवाज. माझ्या आधारानं त्या पुढे गेल्या आणि कपड्याखाली हात घातला. वरचा उंचवटा, मधलं वाकडं वळण, खाली आलेलं टोक. बोटं सावकाश फिरत राहिली. कोपऱ्यात मिल्का ओठ चावत उभी होती.

"पोरी," बाई म्हणाल्या, "जसंच्या तसं आहे गं."

मिल्का रडायलाच लागली. लोक अजून हसतच होते. बाईंनी त्या हशाकडे कान लावला आणि मला कोपरखळी मारली.

"ऐकलंस? मला निदान एक वाक्य तरी बोलावं लागायचं. या दगडी सटवीनं तोंडही न उघडता हशा घेतला!"