आत्याचं आमेन

त्या चर्चमध्ये प्रवचन गायलं जाई. पाळकसाहेब दोन ओळी चालीवर म्हणत, शेवटी आवाज खाली आणत आणि क्षणभर थांबत. त्या मोकळ्या जागेत मंडळींनी ‘आमेन’ म्हणायचं. आत्याला ती जागा झोपेतही सापडली असती. पाळकसाहेब तिचा धाकटा भाऊ. त्याआधी वडील गात. आत्या पोटापाण्यासाठी गाडी चालवायला शिकवायची, आणि शिकाऊ माणसाने वळण नीट घेतलं की तिच्या तोंडून आमेन निसटायचं.

चर्चमागच्या खोलीत दर शनिवारी भरणारा तरुण संघ तिच्याच गळ्यात होता. पोरं आईबापांनी कान धरून पाठवलेली. एक जण फोन चार्ज करायला यायचा, दोघी एकमेकींची नखं रंगवायच्या. आत्या चहा टाकायची आणि विचारायची, “बोला, या आठवड्यात देवावर कोण कोण रागावलंय?” मग मात्र गप्पांना ऊत यायचा.

सगळ्यात तिखट तिची भाचीच, पाळकसाहेबांची लेक. तिला सगळे ठिणगी म्हणत.

तरुणांच्या रविवारी प्रत्येकाने उभं राहून साक्ष द्यायची असे, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा. आधीच्या शनिवारी ठिणगी म्हणाली, “आत्या, मी बोलेन, पण खरं तेच बोलेन.”

“खोटं बोललीस तर माझ्याशी गाठ आहे,” आत्या म्हणाली.

रविवारी ठिणगी माइकसमोर उभी राहिली. बापाच्या घरात वाढलेला गळा. बोलता बोलता चाल लागलीच. “मी शनिवारी येते, चहा पिते, भांडते. मी प्रार्थना करून पाहिली. पलीकडून कुणी बोललं नाही. देव आहे असं मला वाटत नाही...” आवाज खाली आला. ती थांबली.

“आमेन!”

पुढच्या बाकावरून, खणखणीत. आख्ख्या चर्चमध्ये एकटं. मागच्या बाकावर कुणाला तरी हसण्याचा ठसका लागला. आत्याने तोंडावर हात दाबला, पण सुटलेलं आमेन काही परत येत नाही.

संध्याकाळी चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांचं औषधांचं दुकान. बोलायचेही डोस दिल्यासारखे. “बाई, येत्या रविवारी वेदीसमोर माफी मागा आणि ते आमेन मागे घ्या. नाहीतर तरुण संघ बंद. खोलीला कुलूप.”

“चूक झाली हो, सवयीनं निघालं. एवढ्यासाठी पोरांना रस्त्यावर काढता?”

“विश्वास नसलेल्या पोरांना पोसायला ती खोली आहे का?”

“मग कोणासाठी आहे? विश्वासवाल्यांना आख्खं चर्च आहे की!”

पाळकसाहेब खाली बघत होते. “ताई, घे ना मागे,” एवढंच म्हणाले. लेकीने भरल्या चर्चमध्ये देव नाकारला होता आणि बहिणीने त्यावर शिक्का मारला होता. त्यांचा चेहरा आत्याला बघवेना. ती वाद तिथेच सोडून उठली.

दुसऱ्या दिवशी ठिणगी शिकाऊ गाडीत येऊन बसली. डोळे सुजलेले. “आत्या, मीच माफी मागते. सांगते, दृष्टांत झाला, विश्वास बसला. खोली तरी वाचेल.”

“दृष्टांत? तुला? कधी, शेंगदाणे खाताना?”

“चेष्टा नको गं.”

“चेष्टा कोण करतंय? खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आहे. तुझा देवावर विश्वास नसेल, पोरी, माझा आहे. त्याच्या घरात त्याच्याच नावानं तुला खोटं बोलायला लावू? मला वर जाऊन तोंड दाखवायचंय.” तिने गाडी सुरू केली. “आणि पट्टा लाव.”

रविवारी आत्या वेदीसमोर उभी राहिली. मागच्या बाकावर तिची पोरं दाटीवाटीने बसली होती, आणि अध्यक्ष हाताची घडी घालून वाट बघत होते. तिने माइक बाजूला सारला आणि गायला लागली.

“प्रभो, तू ताटात वाढलंस तुझ्या शंकेखोर शिष्याला, थोमासलाही. त्याने म्हटलं, जखमेत बोट घातल्याशिवाय तू पुन्हा उठलास हे मानणार नाही. तू त्याला हाकललं नाहीस, जखम पुढे केलीस. या लेकराने तुझ्या घरात तुझ्यासमोर खरं सांगितलं. मी त्या खऱ्याला आमेन म्हटलं. तेव्हा चुकून म्हटलं, आज समजून म्हणते, आणि मागे घेत नाही...”

आवाज खाली आला. ती थांबली.

त्या मोकळ्या जागेत आमेन आलं नाही. अध्यक्ष उठले, “बस झालं! पाळकसाहेब, थांबवा यांना.”

पाळकसाहेब आसनावरून उठले. आत्याला वाटलं, झालं, गेली खोली. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग मागच्या बाकावरच्या लेकीकडे. ती हनुवटी वर करून बघत होती. डोळ्यांत पाणी, पण मान ताठ.

“अध्यक्षसाहेब, बसा,” ते म्हणाले. “कुलूप लागणार नाही. लावायचंच असेल तर आधी माझ्या घराला लावा. असली एक माझ्याही घरात राहते.” मग बहिणीकडे वळले. “ताई, पुढचं कडवं?”

पुढचं कडवं तिने रचलंच नव्हतं. तिने पदराने नाक पुसलं, छाती भरून श्वास घेतला आणि तोंडाला येईल ते गायला लागली.