दगा कुणी दिला?

मी बोलतेय, घराबाहेर उन्हात उभी असलेली राखाडी गाडी. चार दारं, पाच माणसांची जागा, डिकीत भरपूर सामान. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

आत शेडमध्ये, मऊ कापडाखाली, ती असते. लाल, बुटकी, दोनच सीटची, मालकांच्या जन्माआधीची स्पोर्ट्स कार. तिला सगळे 'राणी' म्हणतात, मला 'डबा'. राणीला एसी नाही, पावसात ती छतातून गळते, मेकॅनिक येऊन येऊन तिचे नखरे पुरवतो. ती खोकली तरी मालक म्हणतात, "काय आवाज आहे!" माझा आवाज येत नाही, याचं कौतुक कुणाला?

मुलांची शाळा, बाजारहाट, मालकांच्या आईची दवाखान्याची फेरी, सगळं मीच केलं. धाकटा मागच्या सीटवर ओकला, तेही मुकाट्यानं सोसलं.

गेल्या रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि राणी काही सुरू होईना. मालकांनी सरळ माझी बॅटरी काढून तिला बसवली. तिची मेलेली बॅटरी माझ्या पोटात कोंबली. घरात कुणाला सांगितलंही नाही.

"हिला काय, आज दारातच उभं राहायचंय," असं पुटपुटत ते राणीला घेऊन गेले.

दुपारी आईंना धाप लागली. मालकिणीनं त्यांना कसंबसं माझ्या मागच्या सीटवर आडवं केलं, किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. म्हातारीचा श्वास घरघरत होता आणि मला जागचं हलता येत नव्हतं. शेवटी शेजारच्या सुतारानं त्यांना टेम्पोत घालून नेलं. थोडक्यात वाचल्या.

"ऐन वेळी गाडीनं दगा दिला हो," मालकीण नवऱ्याला रडत म्हणाली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. तो म्हणाला, "जुनी झाली ती. काढून टाकू." आणि दुसऱ्या दिवशी माझी बॅटरी गुपचूप परत बसवली.

आज गिऱ्हाईक आलं. मी एका झटक्यात सुरू झाले.

"चांगली तर आहे. का विकताय?"

"खोटं कशाला बोलू? ऐन वेळी दगा देते," मालकीणच म्हणाली. मालकांनी माझे कागद पुढे केले.

मी जाईन. पण मालक, नवी गाडी येईल तिची बॅटरी काढू नका. आईंना पुन्हा धाप लागेल, तेव्हा सुतार घरी असेलच असं नाही.