गेटवरची खुंटी

“साहेब, बाईचे पाय बघा,” मॅनेजर रणधीर म्हणाला आणि त्याने फोटो टेबलावर सरकवला.

धाराशिवच्या कामगार अधिकाऱ्यांनी फोटो चष्म्याजवळ नेला. समोर बसलेल्या बलभीमला तो बघायची गरज नव्हती. तिरडीवर हिरव्या लुगड्यात त्याची बायको गजराबाई होती. तोंड झाकलेलं होतं. पाय तेवढे उघडे, आणि पायांत जोडवी.

“फटाक्याच्या दारूपाशी धातू चालत नाही, ठिणगी पडते. आमच्या बायका गेटवरच जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवतात. हिच्या पायांत जोडवी आहेत. म्हणजे ती कामावर नव्हतीच. कुणाला तरी डबा द्यायला आली असेल अन् स्फोटात सापडली. वाईट झालं, पण आमची कामगार नव्हती.”

“डबा कुणाला?” युवराज म्हणाला. त्याने तेरखेड्याच्या फटाका कामगारांची नुकतीच संघटना काढली होती. “साहेब, हजेरीत निम्म्या बायकांची नावंच न्हाईत. तुम्ही एकदा येऊन शेड बघा.”

“न कळवता कारखान्यात जायचं नाही, असा वरून आदेश आहे,” अधिकारी म्हणाले. “उद्योगांना त्रास नको म्हणतात. पोलिसांच्या कागदात दागिन्यांबद्दल काहीच नाही. बाई कामावर होती की नव्हती, हे माझ्यासमोर जे येईल त्यावरच मला लिहायचंय.”

बलभीमने घसा खाकरला.

“साहेब, जोडवी म्या घातली.”

“कधी?”

“न्यायच्या आधी. सवाष्ण बाई रित्या पायानं कशी लावून देऊ?”

रणधीर हसला नाही, पण हसल्यासारखा खुर्चीत मागे टेकला. “आता असंच म्हणणार ते.”

“तुमच्याकडं कुठून आली जोडवी?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“गेटच्या खुंटीवर तिची चंची हुती, साहेब, कापडाची पिशवी. तिच्यात. परतेक बाईची खुंटी ठरलेली असती.”

“चंची खुंटीवर होती म्हणजे बाई कामावर होती. बरोबर. पण ती काढून तुम्हाला दिली कुणी?”

भिंतीशी बाकावर शेडमधल्या बायका बसल्या होत्या. कंपनीने त्यांना कामावरून उठवून थेट जीपने आणलं होतं. गजराबाई कामावर येत नव्हती, एवढं सांगायचं असं त्यांना वाटेत बजावलं होतं. चपला दाराबाहेर काढून त्या अनवाणी आल्या होत्या. टोकाला कडूबाई होती. ती गजराला अक्का म्हणायची. दोघींच्या खुंट्या शेजारी. स्फोटाच्या दिवशी रुग्णवाहिकेपाशी गर्दीतून वाट काढत आली ती हीच, आणि चंची बलभीमच्या हातात कोंबून गेली.

बलभीमने तिच्याकडे पाहिलं. कामावरून तशीच आल्यामुळे तिच्या बोटांत जोडवी नव्हती, नुसता पांढरा वळ होता. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरी शाळेत.

“ध्यानात न्हाय, साहेब. लई गर्दी हुती,” बलभीम म्हणाला.

युवराजने कपाळावर हात मारला.

“मग सांगणारं कुणी नाही,” अधिकारी म्हणाले. “डबा खातो अन् लिहितो. तुम्ही बाहेर थांबा.”

व्हरांड्यात युवराजचा आवाज चढला. “काका, तुम्हाला ठाऊक हाय कुणी दिली. एक नाव घेतलं असतं तर गजराकाकू कामावर हुती हे कागदावर आलं असतं. मग बाकीच्या बायकांचंबी नाकारता आलं नसतं.”

“व्हय.”

“मग?”

“तिची चूल त्या शेडवर हाय.”

“अन् उद्या त्याच शेडमदी ती गेली मंजे?”

युवराज चहाला निघून गेला.

डबा द्यायला आली असेल. तेच एक वाक्य बलभीमच्या डोक्यात फिरत होतं. पहाटे भाकरी थापून, त्याची न्याहारी झाकून ती रोज त्या शेडवर गेली. हातांवरचा फटाक्याच्या दारूचा पिवळा रंग तिने शिकेकाईने घासघासून पाहिला, तो निघाला नाही. आणि आता कागदावर ती पाहुणी होणार होती.

बायका पायऱ्यांवर बसून गेटवरून उचलून आणलेल्या चंच्या उघडू लागल्या. कडूबाईने चंचीतून जोडवी काढली, पण बोटापाशी नेऊन तिचा हात थांबला.

“दाजी, अक्काच्या पायांत नीट बसली का ओ?”

“एक बसलं. दुसऱ्याला तेल लावावं लागलं. पाय सुजला हुता.”

ती जोडव्यांकडे बघत राहिली.

“सकाळी तिच्या खुंटीवर दुसरीची चंची हुती,” ती म्हणाली. “नवी पोरगी हाय. लगीन आत्ताच झालंय.”

रणधीर जीपपाशी उभा होता. “चला, आवरा. कडूबाई, गाडी निघाली.”

“जाऊ द्या,” ती मागे न बघता म्हणाली. आपली जोडवी तिने बलभीमच्या तळहातावर ठेवली. “धरा हे, दाजी.”

दाराशी चपला काढून ती आत गेली. साहेब डबा झाकत होते.

जीपचा हॉर्न वाजला, परत वाजला. मग जीप गेली. बलभीमने कडूबाईच्या चपला येण्याजाण्याच्या वाटेतून उचलून भिंतीच्या कडेला नीट लावल्या आणि त्यांच्याजवळ बसला. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. जोडवी मुठीत गरम झाली होती. त्याने मूठ उघडली नाही.