एक ओमची हौस

प्रीतम स्वतःच्या पायाने माझ्या दुकानात आला, तेव्हाच मला कळलं की देव माझ्या बाजूने आहे.

तुर्भ्यात गाड्यांना म्युझिक बसवायचं माझं दुकान आहे. सारसोळ्यातली पोरगी वायरी कापते, सोल्डर मारते, याचं सुरुवातीला लोकांना कौतुक वाटलं, मग सवय झाली. प्रीतम आमच्याच गल्लीतला. त्याने गाडी दारात आडवी लावली, डिक्की उघडली आणि म्हणाला, "भाविका, मनस्वीची हलद हाय परवा. माजा फिटर गावाला गेलाय. दोन नवीन वूफर हायत, बसवून दे. माज्या बहिणीची हलद हाय, आख्खा गाव हलला पायजे."

चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. विसरला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

मी विसरले नव्हते. माझ्या भावाच्या, केतनच्या हळदीला याच प्रीतमने हीच गाडी डिक्की उघडून मांडवासमोर उभी केली होती. आमच्यात धवलारीण धवले, म्हणजे लग्नगाणी, म्हणताना आधी देवांना आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावाने हाक मारते. घरचा मोठा मुलगा प्रत्येक नावाला पाटावर तांदूळ वाहतो आणि 'या' म्हणतो. ज्याचं नाव घेतलं नाही, तो मांडवाबाहेर ताटकळत राहतो. त्या दिवशी माझी गोजरा आत्या धवले म्हणत होती. आजोबांचं नाव झालं. आता माझ्या बाबांचं, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं, नामाचं, नाव येणार, तेवढ्यात प्रीतमने आवाज सोडला. आत्याचे ओठ हलले, पण ऐकू कुणालाच आलं नाही. केतन मुठीत तांदूळ धरून नुसता उभा. मी धावत गाडीपाशी गेले. गाणं बदलताना जरा शांत झालं, त्यात प्रीतमचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. "म्हातारीचं रडगानं किती टाइम ऐकायचं गो?"

आत्या उठली आणि घरी गेली. त्यानंतर तिने कुणाच्याही मांडवात तोंड उघडलं नाही. जेवताना मध्येच म्हणते, "माजा नामा अजून भायेर उभा हाय," आणि घास खाली ठेवते.

तर आता तोच प्रीतम समोर. वूफर दोन, प्रत्येकात चार-चार ओमच्या दोन कॉइल. त्या एकामागे एक जोडल्या की ओम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, शेजारी-शेजारी जोडल्या की उतरतो. ओम जितका कमी, तितका वूफरना ताकद देणाऱ्या ॲम्पवर ताण जास्त आणि आवाजही जास्त. पण झेपायला हवं. हमालाच्या डोक्यावर चार पोती दिली तर तो चार पावलं चालतो आणि मग बसतो. प्रीतमचा ॲम्प दोन ओमच्या खाली चालणारा नव्हता, आणि त्या चार कॉइलमधून कामाचे आकडे दोनच निघत होते. चार ओम, नाहीतर एक.

आधी मनात आलं, सरळ एकला जोडून द्यावं आणि मजा बघावी. पण मग बोल माझ्या दुकानाला लागला असता आणि तो बिचारा ठरला असता. त्याला बिचारा मी होऊ देणार नव्हते.

मी चार ओमला जोडलं, अगदी चोख. मीटर लावून दाखवलं. बॅटरीजवळ फ्यूजही योग्य तोच टाकला. मला आग नको होती, त्याची मान खाली हवी होती. मग त्याचे दोस्त गाडीभोवती जमेपर्यंत मी थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रीतम, नीट ऐक. सगळ्या लाल वायरी एकत्र, सगळ्या काळ्या एकत्र केल्यास ना, तर एक ओम होतो. आवाज दणकून वाढेल, पन तुज्या ॲम्पला झेपनार नाय. ते करू नको. एक ओमला दम लागतो."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण मी प्रीतमला लहानपणापासून ओळखते. ओहोटीला मी म्हटलं होतं, तिकडे चिखल खोल आहे, जाऊ नको. तो मुद्दाम गेला, कमरेपर्यंत रुतला आणि दोर टाकून ओढून काढावा लागला. मुलीने नको म्हटलं की करायचंच. स्वभावाला औषध नाही.

दोस्त फिदीफिदी हसले. प्रीतमने डोळे बारीक केले. "आवाज दाबून दिलास ना? जलतेस तू."

"मी सांगायचं ते सांगितलं," मी म्हणाले.

हळदीच्या संध्याकाळी गाडी मांडवासमोर लागली. आमच्या गल्लीत डीजेचा टेम्पो शिरत नाही, त्यामुळे सगळी मदार त्या डिक्कीवर. धवलेसुद्धा पेनड्राइव्हवर आणलेले, कुठल्या तरी परक्या बाईच्या आवाजात. आत्या केवळ मनस्वीच्या मायेने आली होती, मागच्या खुर्चीत तोंड मिटून बसलेली.

पहिला ठोका पडला आणि पत्र्याखालची भांडी वाजली. चार ओमला हा आवाज येत नाही. रुतला, मी मनात म्हटलं.

तीन-चार गाणी दणक्यात झाली. मग डिक्कीतून तापलेल्या प्लास्टिकचा वास यायला लागला. मनस्वी पाटावर बसली, धवले लागले, त्या परक्या बाईने गणपतीचं नाव घेतलं आणि ॲम्पचा लाल दिवा लागून सगळं बंद. प्रीतमने बंद करून पुन्हा चालू केलं. जरा घुमलं, गेलं. पुन्हा केलं, तेव्हा धूर निघाला.

"भाविकानं बसवलेला ना?" कुणीतरी विचारलंच. मी सगळ्यांसमोर डिक्कीत वाकले.

"लाल सगळ्या एकत्र, काल्या सगळ्या एकत्र. कोनी केलं हे?"

दोस्त प्रीतमकडे बघायला लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

प्रीतमची आई, रंगूबाई, आत्यासमोर येऊन उभी राहिली. "गोजराबाय, पोरगी हलदीला बसलीय. मांडव मुका ठेवू नका. तुमी म्हना."

"म्हंते," आत्या म्हणाली. " तांदूल प्रीतमच्या हातात द्या."

ती पाटाशेजारी येऊन बसली. आवाज आधी खरखरला, मग लागला. देव झाले, पितरांची पाळी आली. आपल्या आजोबांचं नाव येणार म्हणून प्रीतमने मूठ पुढे केली. आत्या थांबली.

"पयला माजा नामा," ती म्हणाली. "तू त्याला भायेर ठेवलास. तूच बोलव."

"म्हन रे," रंगूबाई म्हणाली. प्रीतमने तांदूळ वाहिले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "नामाकाका, या."

माझा जीव इतका थंड झाला की मी हसलेच.

"ऐकू नाय आलं," मी म्हणाले. "वूफर बंद हाय, प्रीतम. जोरात बोल."

त्याने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. मला दया आली नाही.

"नामाकाका, या!" तो ओरडला. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

आत्या थोडी सरकली, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि पुढचं नाव घेतलं.