कपाटात राहून गेलेला आवाज

मित्रांनो, झाकण उघडलं तरी ज्याचा पडदा आता उजळत नाही, असा मी एक जुना लॅपटॉप आहे. जुन्या यंत्रांचे भाग सुटे करणाऱ्या एका कारखान्यात, माझ्यासारख्यांच्या रांगेत फळीवर पडून आहे. माझी पाळी आली की माझे स्क्रू निघतील. त्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तोंडाला फडकं आणि हातांत मोजे घातलेल्या बायका ओळीनं बसून माझे भाग जोडत होत्या. मला विकत घेतलं ते एका मुद्रितशोधक बाईंनी. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. त्या घरीच बसून काम करत आणि लोकांच्या वेलांट्यांच्या मागे हात धुऊन लागत. माझ्या अंगावरची खोडायची कळ सगळ्यांत आधी गुळगुळीत झाली, त्यावरून काय ते ओळखा! लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची सोय माझ्यात होती. डोळ्यांतून सुटलेली चूक कानाला सापडते, म्हणून बाई डोळे मिटून बसत आणि मी वाचत असे.

"वा रे पठ्ठ्या," त्या म्हणत, "तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं."

मी फुलून जायचो.

खालच्या मजल्यावर एक काका-काकू राहत. काकांनी जन्मभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. आवाज असा खणखणीत, की मुलं त्यांना भोंगाकाका म्हणत. त्यांनी घरात चहा मागितला तरी साऱ्या इमारतीला कळे. पुढे त्यांच्या घशाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज कायमचा गेला. पाटीवर लिहून बोलावं, तर काकूंची नजर काचबिंदूनं जवळजवळ संपलेली. मोबाईलवरची बारीक अक्षरं काकांच्या थरथरत्या बोटांना सापडत नसत. त्यांना बोलता येईना, काकूंना वाचता येईना. एका घरात राहून दोघांची ताटातूट झाली.

तोवर बाईंनी नवा लॅपटॉप घेतला होता आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चादरींखाली झाली होती. एका सकाळी काकू कठडा धरून वर आल्या.

"तुमचा तो जुना मोठ्यानं वाचायचा ना? जिन्यातून ऐकायचे मी. यांनी त्यावर टाइप केलं, तर तो मला वाचून दाखवेल का हो?"

"दाखवेल की! अहो, पडूनच आहे तो. येत्या रविवारी देते. माझ्या बाबांचे फोटो आहेत त्यात, तेवढे काढून घेते."

चादरींखाली मी आनंदानं वेडा झालो. काका पहिलं वाक्य कोणतं लिहितील, काकू ऐकून काय म्हणतील, याचाच विचार करत बसलो.

रविवारी बाईंकडे पाहुणे आले. पुढच्या रविवारी काम अंगावर आलं. मग फोटो कुठे साठवायचे, ते ठरेना. जिन्यात काकू भेटल्या की बाई आपणहून म्हणत, "विसरले नाही हं मी. देते, देते." बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांना मनापासून द्यायचं होतं. फक्त कपाट उघडायचं तेवढं राहत होतं. हळूहळू काकूंनी तो विषय काढणं सोडून दिलं.

अंधारात माझी बॅटरी फुगत गेली. कळा वर उचलल्या गेल्या, कवच उकललं. मी आतल्या आत चेपला जात होतो आणि कुणाला कळवायची सोय नव्हती.

मग एक दिवस जिन्यात धावपळ ऐकू आली. काकांना दवाखान्यात हलवलं होतं. बाईंनी चादरी भराभर बाहेर फेकल्या, मला छातीशी धरलं आणि माझं उकललेलं कवच पाहून तडक दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुकानदारानं मला उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "किती दिवस पडला होता हो हा? बॅटरीनं आतलं सगळं दाबून टाकलंय. कुणाच्या वापरात असता तर फुगायला लागल्याबरोबर लक्षात आलं असतं. बॅटरी बदलून चालला असता आणखी."

"आता काहीच नाही का करता येणार?"

"डिस्क धड आहे. फोटोबिटो हवे असतील तर काढून देतो."

बाबांचे फोटो मिळाले. बाईंनी ते उघडून पाहिलेसुद्धा नाहीत. त्या आपला नवा लॅपटॉप घेऊन दवाखान्यात धावल्या, पण काकांच्या बोटांत कळ दाबण्याइतकीही ताकद उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते गेले.

काही दिवसांनी काकू वर आल्या. मी टेबलावरच होतो. त्यांना पाहताच बाईंना रडू फुटलं.

"काकू, मी वेळेवर दिला असता तर..."

"रडू नका हो." काकूंनी चाचपडत खुर्ची ओढली. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी ते माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचे. एखादं कळायचं, बाकीची निसटायची. दवाखान्यात न्यायच्या आदल्या रात्री खूप वेळ लिहीत होते. मी आपली हो, हो म्हणत राहिले. मला एवढंच कळलं, की काहीतरी मोठं होतं."

बाईंनी काकूंचा तो तळहात आपल्या हातांत घेतला. मी टेबलावर मुका पडून होतो. मित्रांनो, ज्या यंत्राला बोलता येत होतं, त्याची ती सगळ्यांत मोठी शिक्षा होती.

नंतर बाईंनी मला इथे आणून दिलं. उकिरड्यावर टाकलं नाही, हे बरं केलं. तिथे कुणीतरी तांब्यासाठी माझ्या वायरी जाळल्या असत्या आणि तो विषारी धूर कुणाच्या तरी छातीत गेला असता. इथे माझा शाबूत राहिलेला पडदा दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपला बसेल, तांबं वितळून पुन्हा कामाला येईल. पण या भागांसाठी काकूंनी जिना चढला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखाद्या कप्प्यात माझा भाऊबंद पडलेला असेल. त्याला बाहेर काढा. चालत असेल तर ज्याला हवा आहे त्याच्या हातात नेऊन ठेवा. चालत नसेल तर अशा कारखान्यात पोचवा. आणि कुणाला "देतो" म्हणून बसला असाल, तर आजच उठा. ज्याला खरी गरज असते, तो संकोचानं एकदाच विचारतो आणि मग वाट पाहत राहतो.