सहाचं दान

“सहा! भावोजी, परत सहा!” बायको ओरडली आणि समोरचे टेलर मांडी थोपटून हसले. दुकान बंद केल्यापासून ते रोज दुपारी आमच्याकडे लुडो खेळायला येत. मोतीबिंदूमुळे फाशावरचे ठिपके त्यांना एकमेकांत मिसळलेले दिसत. म्हणून दान बायकोच वाचून सांगे.

मी वर्तमानपत्राआडून मोजत होतो. जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, दुसरं काही मला येत नाही. साठ वेळा फासा टाकला, तर सहाचं दान साधारण दहादा पडावं. टेलरच्या साठ दानांत ते सतरादा पडलं होतं.

“फाशात खोट आहे,” मी म्हणालो.

“सर, फासा तुमच्याच घरचा,” टेलर म्हणाले. “नशीब तेवढं माझं.”

“अहो, जळू नका. पेपर वाचा,” बायको म्हणाली.

जळत तर होतोच. सहांवर नाही. ती माझ्यासमोर अशी खळखळून कधी हसली होती, आठवेना. हसली असेलही, माझंच लक्ष नसेल.

दहाच्या जागी सतरा एखादेवेळी पडू शकतात, असं मनाला समजावून पाहिलं. मग पाचाची दानं आठवली. तीही दहा हवीत. पडली होती तीन. सतरा नि तीन वीस. दोन्ही मिळून अगदी अपेक्षेइतकी.

पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि तिच्या पाठीमागे उभा राहिलो. टेलरनी फासा टाकला. पाच ठिपके, स्वच्छ.

“सहा!” ती म्हणाली, आणि मान वळवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पाणी प्यायलो.

डाव जिंकून टेलर गुणगुणत घरी गेले.

“का गं?” मी विचारलं.

“एकटा जीव. घटकाभर खूश होतो. तुमचं काय गेलं त्यात?”

ती सोंगट्या आवरत होती. मी समोर बसलो.

“माझ्याशी एक डाव खेळतेस?”

“तुम्ही? लुडो?” तिला खरंच नवल वाटलं.

मी चष्मा काढून खिशात ठेवला, फासा टाकला.

“किती पडलं गं?”

तिने वाकून पाहिलं.

“पाच,” ती म्हणाली. “आणि चष्मा लावा. खिशात मोडेल.”

लावला. पाचच होते. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. मी फासा तिच्याकडे सरकवला.